मराठी शाळेतून कॉन्व्हेंटच्या पाचवीत: गोव्यातल्या पालकांसाठी

गोव्यातल्या मुलींच्या एका कॉन्व्हेंट हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवते. दर जूनमध्ये पाचवीच्या वर्गात पाऊल टाकलं की सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून आलेल्या मुली न विचारताच ओळखू येतात. टीचर दारात दिसली की सगळ्यांच्या आधी त्या उभ्या राहतात, वही-पुस्तक नीट मांडून बसतात, आणि पुढचे दोन-तीन महिने त्यांचा आवाज म्हणून ऐकू येत नाही. गावच्या शाळेत चौथीपर्यंत पहिली येणारी मुलगी अशी गप्प झाली की आई घाबरते, बाबा ट्यूशन शोधायला लागतात आणि आजी म्हणते, "तरी मी सांगत होते." डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा अशा भागांतून मुली येतात, तशी बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून आलेली घरंही असतात. दरवर्षी एकेकट्या पालकांना जे सांगते ते इथे एकत्र लिहिते आहे.

सगळ्यात आधी हे सांगते की ती मुलगी कच्ची नसते. तिला येतं ते सगळं मराठीत येतं, आणि ते इंग्रजीत उतरायला पाच-सहा महिने लागतात. तेवढा वेळ तिला मिळाला तर पुढचं तिचं ती करते. खाली जे जे लिहिलंय ते हा वेळ तिला कसा मिळवून द्यायचा यासाठीच आहे.

शाळा नेमकी कुठली, ते आधी समजून घ्या

आपल्याकडे कुठल्याही इंग्रजी शाळेला "कॉन्व्हेंट" म्हणायची सवय आहे. खरं कॉन्व्हेंट म्हणजे जिथे सिस्टर्सचा मठ शाळेला लागून असतो आणि त्यांचाच संघ शाळा चालवतो. मुलींची अशी हायस्कुलं म्हटली की पणजीत मेरी इमॅक्युलेट, म्हापशात सेंट मेरीज, मडगावात फातिमा कॉन्व्हेंट आणि प्रेझेंटेशन कॉन्व्हेंट ही नावं लोक लगेच घेतात. आर्चडायसिसच्या, म्हणजे आर्चबिशपांच्या धर्मप्रांताच्या, शाळा वेगळ्या. त्या चर्चच्या शिक्षण संस्थेखाली येतात आणि त्यांतल्या बऱ्याच मुलामुलींच्या एकत्र असतात.

फॉर्म आणण्याआधी ऑफिसात चार गोष्टी विचारून घ्या. शाळा अनुदानित आहे का? असली तर शिक्षकांचे पगार सरकार देतं आणि फी बेताची असते. बोर्ड कुठलं? अनुदानित हायस्कुलांतल्या मुली पर्वरीच्या गोवा बोर्डाच्या एसएससी म्हणजे दहावीच्या परीक्षेला बसतात. हे बोर्ड १९७५ पासूनचं आहे. तिसरी भाषा म्हणून मराठी मिळते का, आणि दहावीपर्यंत मिळते का? हा प्रश्न पालक विसरतात आणि आठवीत येऊन पस्तावतात. चौथी गोष्ट म्हणजे शाळेला अकरावी-बारावी आहे का. बऱ्याच ठिकाणी दहावीला शाळा संपते.

जुन्या सिस्टर्स आणि टीचर या भाषेच्या अडचणीला नवख्या नाहीत. १९९० च्या सुमारास सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर माध्यम कोंकणी किंवा मराठी हवं. तेव्हा आर्चडायसिसच्या प्राथमिक शाळांनी कोंकणी माध्यम घेतलं. पुढची वीसेक वर्षं त्यांतून आलेल्या कॅथलिक मुलीही पाचवीत कोंकणीतून थेट इंग्रजीत येत होत्या. २०११ साली इंग्रजी प्राथमिकलाही अनुदान द्यायचं ठरलं आणि त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंचाचं मोठं आंदोलन झालं, ते बहुतेकांना आठवत असेल. त्या वादात माझं मत मातृभाषेच्या बाजूचं होतं, आजही आहे. पण इथे सांगायचं ते एवढंच की तुमच्या मुलीची अडचण या इमारतीने आधी पाहिलेली आहे. सिस्टरना मोकळेपणाने सांगा.

कागदपत्रं

जन्मदाखला, प्राथमिक शाळेचा दाखला, चौथीचं प्रगतिपुस्तक, आधार, फोटो, आणि लागू असेल तर जातीचा दाखला. सरकारच्या शाळा-पोर्टलवरचा मुलीचा पेन नंबर (कायमचा विद्यार्थी क्रमांक) जुन्या शाळेकडून लिहून घ्या, नव्या शाळेला तो लागतो. महाराष्ट्रातून येत असाल तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी निघण्याआधीच घ्या. इथे आल्यावर त्या एका सहीसाठी परत जायला लागलेले पालक मी पाहिलेत.

नावाचं स्पेलिंग मात्र डोळ्यात तेल घालून तपासा. गोव्यात ही कायमची डोकेदुखी आहे. आजोबांच्या कागदावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, वडिलांच्या आधारवर इंग्रजी वळणाचं. एकीकडे परब, दुसरीकडे पोरोब. मुलीच्या जन्मदाखल्यावर जे आहे तेच अक्षर न् अक्षर शाळेच्या रजिस्टरात गेलं पाहिजे, कारण तेच पुढे दहावीच्या मार्कशीटवर उतरतं.

मे महिन्यात काय करायचं

इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आणून तिच्यापुढे ठेवू नका. वर्गात रोज कानावर पडतील अशी वीस-पंचवीस इंग्रजी वाक्यं तिला खेळता खेळता येऊ द्या: वही काढा, तारीख घाला, समास सोडा, फळ्यावरचं उतरवून घ्या, पान उलटा, सही आणा. आणि तिने बोलायची चार वाक्यं: मला समजलं नाही, परत सांगाल का, टॉयलेटला जाऊ का, माझी वही घरी राहिली. टॉयलेटचं वाक्य तर पहिलं. इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून सकाळपासून दीडपर्यंत दाबून बसलेली मुलगी मी पाहिली आहे. आमच्याकडे पाचवीच्या टीचर आता पहिल्याच दिवशी सांगून टाकतात की हे कुठल्याही भाषेत विचारा. तरीही घरून सांगून ठेवा.

दुसरी तयारी आकड्यांची. मराठीत आपण एकोणसाठ म्हणतो. त्यात "साठ" ऐकू येतं आणि हात सहाकडे जातो. इंग्रजी "फिफ्टी-नाइन" मनात आधी एकोणसाठ होतं, मग कागदावर येतं, आणि तेवढ्यात टीचर पुढच्या आकड्यावर गेलेली असते. गणितात हुशार मुलींचे मार्क इथे जातात. मे महिन्यात रोज दहा मिनिटं इंग्रजीत आकडे सांगा आणि तिला नुसते लिहू द्या. बसचे नंबर, दुकानातल्या किमती, काहीही चालेल. पाढे मात्र मराठीतच राहू द्या. "सात सक बेचाळीस" मनात म्हणून उत्तर इंग्रजीत लिहिलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

पहिले सहा महिने

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सत्तरीतल्या एका आईने मला विचारलं, "टीचर, घरी काय करू?" मी म्हटलं, घरीही इंग्रजीच बोला. बाईंनी ते मनावर घेतलं. त्यांना जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात घर चालू झालं. जेवलीस का, तर यस. अभ्यास झाला का, तर यस. चवथीनंतरच्या, म्हणजे गणेशचतुर्थीनंतरच्या, ओपन डेला त्या आल्या आणि माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "टीचर, ती आता मला शाळेतलं काही सांगतच नाही. तुला समजणार नाही म्हणते." मी त्याच टेबलावर माझा सल्ला मागे घेतला. त्यानंतर आजवर एकाही पालकाला मी तसं सांगितलेलं नाही.

घरी मराठीतच बोला, भरपूर बोला. शाळेत आज काय शिकवलं ते मुलीला मराठीत सांगू द्या. तिला सांगता आलं तर तिला समजलेलं आहे, शब्द तेवढे राहिलेत. शब्दांसाठी दोन रकान्यांची वही करा.

ही वही कशी सुरू झाली ते सांगते. विज्ञानाच्या टीचरनी स्टाफरूममध्ये सांगितलं की अमुक मुलीला काहीच येत नाही, "एव्हॅपोरेशन" विचारलं तर नुसती बघत राहिली. मधल्या सुट्टीत मी तिला बोलावलं आणि विचारलं, "बाय, घरी सोलां घालता का गो?" सोलां म्हणजे वाळवलेल्या कोकमाच्या साली. तिची मान हलली. "वाळत घातली की त्यांतलं पाणी जातं कुठे?" मग ती जी बोलायला लागली! ऊन कडक असलं की किती दिवस लागतात, ढग आले की सोलां ओली कशी राहतात, वारा असला की लवकर कशी वाळतात, मेच्या शेवटी पावसाची सर आली की आई धावत सूप कसं आत आणते. ऊन, वारा, हवेतला ओलावा, धड्यातले सगळे मुद्दे तिच्याजवळ होते. मी वहीच्या डाव्या बाजूला तिच्याकडून "बाष्पीभवन" लिहून घेतलं, उजवीकडे इंग्रजी शब्द लिहिला आणि खाली तिला सोलांचं चित्र काढायला सांगितलं. पुढच्या तासाला तिने हात वर केला. तेव्हापासून मी ही वही प्रत्येक नव्या मुलीला करायला लावते. रोज पाच शब्द पुरेत. विज्ञान आणि समाजशास्त्र धरून दिवाळीपर्यंत चारशेच्या आसपास शब्द होतात, आणि पाचवीला तेवढे खूप झाले.

वर्तमानपत्रांचाही उपयोग होतो. एकाच दिवसाचा नवप्रभा आणि नवहिंद टाइम्स घ्या, दोन्हींत आलेली एकच बातमी शोधा. आधी मराठी वाचायची, मग इंग्रजी. काय झालं ते आधीच ठाऊक असल्यामुळे इंग्रजी वाक्य घाबरवत नाही. आठवड्यातून दोनदा केलं तरी चालतं. पणजीला येणं-जाणं असेल तर पाट्टो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तिचं नाव घाला. मुलांचा विभाग चांगला आहे.

ट्यूशन? पहिल्या सत्रात तरी नको. गोव्यात शाळा सकाळी आठच्या सुमारास भरते आणि एक-दीडला सुटते. त्यामुळे दुपार मोकळी दिसते आणि पालकांना ती भरून टाकाविशी वाटते. त्या मुलीचा मेंदू पाच तास परक्या भाषेत राबून आलेला असतो. तिला जेवू द्या, झोपू द्या, अंगणात खेळू द्या. पहिल्या युनिट टेस्टचे मार्क कमी येतील. ते पाहून घरात आवाज चढवू नका. मी दुसऱ्या सत्राचा निकाल बघते, आणि खरं चित्र सहावीत दिसतं.

वर्गात बसायची जागाही महत्त्वाची आहे. क्लास टीचरना सांगून मुलीला एखाद्या कोंकणी बोलणाऱ्या मुलीशेजारी बसवा. मराठी-कोंकणीचा पूल मुली एका आठवड्यात बांधतात. आमच्या वर्गात दरवर्षी एक सुंदर देवघेव चालते. कॅथलिक मुली घरी आणि इगर्जीत म्हणजे चर्चमध्ये कोंकणी वाचतात ती रोमी लिपीत, आणि शाळेचं कोंकणी पुस्तक असतं देवनागरीत. जोडाक्षर आलं की त्या अडतात. तिथे मराठी शाळेतली मुलगी "क्ष" आणि "ज्ञ" समजावते, आणि बदल्यात तिला इंग्रजीचा उतारा वाचून मिळतो. गप्प बसणाऱ्या मुलीचा आवाज बहुतेक वेळा या देवघेवीतच पहिल्यांदा फुटतो.

प्रार्थना, फेस्त आणि घरातल्या शंका

हे पालक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून मोकळेपणाने लिहिते. सकाळी असेंब्लीत प्रार्थना असते आणि ती ख्रिस्ती असते. तुमच्या मुलीने शांत उभं राहायचं, एवढीच अपेक्षा असते. खुर्साची म्हणजे क्रॉसची खूण करायची सक्ती नसते. कॅथलिक मुलींना धर्मशिक्षणाचा म्हणजे दोत्रीनीचा तास असतो, त्या वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण. सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८ मध्येच आहे. आणि अल्पसंख्याकांना आपली शाळा आपल्या पद्धतीने चालवायचा हक्क कलम ३० देतं. दोन्ही ठाऊक असले की घरातली चर्चा शांतपणे होते.

८ सप्टेंबरच्या मोंती सायबिणीच्या म्हणजे मदर मेरीच्या फेस्ताला (सणाला) मुली फुलं वाहतात. ३ डिसेंबरला सेंट झेवियरचं फेस्त, ८ डिसेंबरला पणजीच्या चर्चचं. चवथीला शाळा आठवडाभर बंद असते. डब्यातही हेच वेळापत्रक चालतं. श्रावणात आपल्या मुलींच्या डब्यात मासे नसतात, करेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, त्यांच्या डब्यात मटण नसतं, आणि हे एकमेकींना पाठ असतं. टिकली, बांगड्या, चवथीची मेंदी, केसांत आबोलीचा वळेसर चालतो की नाही, हे प्रत्येक शाळेचं वेगळं. हँडबुकमध्ये बघा, नसेल तर विचारा. नाही म्हटलं तर वाद न घालता मुलीला घरीच कारण समजावून सांगा. भर वर्गात तिला मेंदी खरवडायला लागू नये.

गाण्याकडे लक्ष द्या. या शाळांतून गाणं मनापासून शिकवतात. भजनी घरातल्या मुलीचा सूर पक्का असतो आणि कॉयरच्या टीचरना तो लगेच सापडतो. चार आवाजांत गाणं बसतं तेव्हा आपल्या ओळीवर टिकून राहायला सारेगमची सवय किती कामाला येते ते मी बघितलंय. कॉयरला निवडली तर नको म्हणू नका.

भाषा कुठली घ्यायची

इंग्रजी आणि हिंदी असतेच. तिसऱ्या भाषेला मराठी, कोंकणी, काही शाळांत संस्कृत, फ्रेंच किंवा पोर्तुगीज. फ्रेंचला मार्क मिळतात म्हणून मराठी सोडणारे पालक दरवर्षी भेटतात. माझं मत स्पष्ट आहे: मराठी शाळेतून आलेल्या मुलीने निदान आठवीपर्यंत मराठी सोडू नये. दिवसभरात तोच एक तास असा असतो की तिला वर्गातलं सगळं समजतं आणि बाकीच्या तिला विचारायला येतात. पाचवी-सहावीतल्या मुलीला त्या तासाची फार गरज असते.

रोजचं

बालरथ म्हणजे शाळेची बस तुमच्या वाड्यावर येते का ते विचारा. नाहीतर कदंब या सरकारी बसचा विद्यार्थी पास काढा. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं आणि माध्यान्ह आहार मिळतो. सहावी ते आठवीत कोडिंग-रोबोटिक्सचे तासही असतात. घरी संगणक नाही म्हणून घाबरू नका, शाळेत शिकवतात. २०२५ साली सहावी ते दहावीचं नवं वर्ष ७ एप्रिललाच सुरू झालं. त्यामुळे पाचवी संपली की एप्रिलमध्ये गावी जायची तिकिटं काढण्याआधी शाळेची नोटीस बघा.

तक्रार असली तर क्रम पाळा. आधी क्लास टीचर, मग हेडमिस्ट्रेस, त्यानंतर मॅनेजर सिस्टर. पालक-शिक्षक संघाच्या सभेला जा आणि तिथे मराठीत किंवा कोंकणीत बोला. इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या खुर्चीवर गप्प बसणारे पालक मला बघवत नाहीत. सिस्टरनाही कोंकणी येते.

नववी आणि दहावी

इथवर भाषेचा प्रश्न उरलेला नसतो. नववीपासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे विषयांत बदल झालेत, व्यवसाय विषय आलेत. निवड करताना मुलीला काय जमतं ते तिच्या टीचरना विचारा, शेजाऱ्यांना नको. अंतर्गत मार्क वर्षभराच्या कामावर असतात, म्हणून प्रोजेक्ट वेळेवर गेले पाहिजेत. खेळणारी मुलगी असेल तर प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र जपा आणि पीटी टीचरकडे नोंद करून ठेवा. गोवा बोर्ड क्रीडा गुण देतं, आणि कागद नसल्यामुळे ते हुकले तर फार वाईट वाटतं.

दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर सही करण्याआधी मुलीचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख जन्मदाखल्याशी पुन्हा एकदा ताडून बघा. निकालानंतर मार्कशीट हातात आली की मार्कांच्या आधी तेच बघा. चूक दिसली तर त्याच दिवशी शाळेच्या ऑफिसात द्या, दुरुस्ती शाळेमार्फतच बोर्डाकडे जाते. मग शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या तीन-चार प्रती काढून ठेवा. अकरावीचे फॉर्म निकाल लागल्या लागल्या सुरू होतात, आणि चांगल्या हायर सेकंडरीच्या रांगेत पहिल्या दिवशी उभं राहायचं असतं.